सातव्याबद्दल वहिनीला विचारणे

इंदू,

तुझी पेटी बुधवारी आली. बोटीने मालवणला, तिथून होडीने देवबागला. कुलूप फोडावं लागलं, कारण किल्ली तुझ्या पर्समध्ये होती आणि पर्स कुठे गेली ते तुझ्या प्रयोगशाळेत कोणालाच ठाऊक नाही. आत चार पातळं, एक स्वेटर आणि वह्या. पातळं मी धुऊन वाळत घातली. स्वेटर तुझ्या आयेला दिला, तिला आता वारा सोसत नाही. वह्या खाटेखाली सारल्या आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेले. परत येऊन काढल्या, पुन्हा सारल्या. संध्याकाळपर्यंत तेच चाललं होतं. शेवटी तुझी आये म्हणाली, काय ते वाच, नाहीतर चुलीत घाल, पण एका जागी बस.

शेवटच्या वहीच्या शेवटच्या लिहिलेल्या पानावर तीन ओळी आहेत. 'बारा जणांची यादी पूर्ण करणे. साहेबांना आलेख देणे. सातव्याबद्दल वहिनीला विचारणे.' तिसऱ्या ओळीखाली तू दोन रेघा मारल्या आहेस.

विचारायचं राहून गेलं. प्रयोगशाळेचा जिना चढताना तुझ्या डोक्यातली शीर फुटली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. त्याला आज तेवीस दिवस झाले. पेटीबरोबर तुझ्या साहेबांचं पत्र आलं आहे. बाई फार गुणी होत्या असं त्यांनी लिहिलंय. तू हयात असताना हे तोंडावर बोलले असते तर तुझी निम्मी डोकेदुखी गेली असती. तुझा शेवटचा निबंध ते तुझ्या नावानेच छापणार आहेत, आणि त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे सात नंबरचा कोंबडा. त्यासाठी त्यांना मी इथे ठेवलेली नोंदवही हवी आहे, जमल्यास बाराही पक्ष्यांचं शेवटचं रक्त हवं आहे, आणि शोकसभेत वाचायला चार ओळी हव्या आहेत.

चार ओळींत हे होणार नाही. तेव्हा तुझ्या प्रश्नाचंच उत्तर देते. सभेत बसलेल्यांनाही ऐकू दे.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू तेरा वर्षांची होतीस. घरात सगळ्यांना सर्दी झाली होती आणि नवी नवरी म्हणून सगळ्यांचे काढे मी करत होते. तू चुलीपाशी येऊन बसलीस आणि नाक ओढत विचारलंस, "वयनी, गोवर एकदा इलो की परत येणा नाय. मगे सर्दी दर वर्षी कित्याक येता?" मी कामात होते. म्हटलं, "सर्दीक लाज नाय म्हणान." तू हसलीस. पण उठली नाहीस. उत्तर पटलं नाही की तू उठत नसायचीस, ही तुझी खोड मला पहिल्या आठवड्यातच कळली.

तू मुंबईला शिकायला गेलीस, तिथेच नोकरीला लागलीस, लग्नाचं नाव काढू दिलं नाहीस. तुझा भाऊही मुंबईलाच, गोदीत. तो वर्षातून दोनदा यायचा, तू त्याहून जास्त वेळा यायचीस. इथे आये, मी आणि माझ्या कोंबड्या. ब्लॉकच्या ऑफिसातून पांढऱ्या विलायती कोंबड्यांची पिल्लं वाटली तेव्हा मी चाळीस घेतली होती. गावात सगळे हसले. नंतर अंडी मालवणच्या बाजारात जायला लागली तेव्हा हसायचे थांबले.

मग एका पावसाळ्यात कोंबड्यांच्या गळ्यात घरघर सुरू झाली. चोची उघड्या टाकून श्वास ओढायच्या. आठवड्यात निम्म्या गेल्या. मी तुला कार्ड टाकलं, औषध पाठव म्हणून. औषधाऐवजी तूच आलीस, गुडघाभर चिखलातून, आणि खुराड्यात कान लावून घरघर ऐकताना तुझा चेहरा असा काही उजळला की मला राग आला. "माझ्यो कोंबड्यो मरतत आणि तू हसतंस?" मी म्हटलं. तू म्हणालीस, "मरतत तेंची माका गरज नाय गो. जगतीत तेंची आसा."

बारा जगल्या. अकरा माद्या आणि एक नर.

तुझं काम काय होतं ते मी माझ्या शब्दांत सांगते, चुकलं तर तुझे साहेब सुधारतील. आजारातून उठलेल्या पक्ष्याच्या रक्तात एक बळ तयार होतं. तोच रोग परत आला तर ते बळ त्याला अंगात शिरू देत नाही. तुला बघायचं होतं की ते बळ किती दिवस टिकतं. मुंबईला कोंबड्या ठेवल्या की शेजारच्या खुराड्यातून रोग पुन्हा लागतो आणि बळ पुन्हा वाढतं, मग मोजायचं काय? देवबाग तुला त्याचसाठी आवडलं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे वाळूची पट्टी, आणि आमचं घर अगदी टोकाला. बाहेरचा पक्षी आत येता कामा नये, एवढीच माझ्यावर जबाबदारी होती.

दर तीन महिन्यांनी तू यायचीस. पंखाखालची पिसं ओली करून शीर शोधायची, सुई घालायची. रक्त बाटलीत तिरकं ठेवलं की गोठायचं आणि वर पेजेच्या निवळीसारखं पिवळसर पाणी सुटायचं. तेच मुंबईला न्यायचं. तिथे ते रोगाच्या विषाणूत मिसळून पिल्लू धरलेल्या अंड्यात टोचायचं. रक्तात बळ असेल तर पिल्लू आतल्या आत वाढतं, नसेल तर खुरटतं, अंग मुडपून घेतं. तू मला सुई धरायला शिकवलंस. पहिल्या खेपेला माझा हात थरथरला नाही म्हणून तू नवल केलंस. अगो, जन्मभर मासे चिरलेत मी.

त्याच विषाणूचा फोटो तू एकदा आणला होतास, परदेशी मासिकातला. गोल ठिपका आणि त्याच्या भोवती सगळीकडून बारीक देठं. मी म्हटलं, हा तर सुरंगीच्या फुलांचा वळेसर गुंडाळून ठेवलाय. तू म्हणालीस, तिकडच्या लोकांना तो सूर्याभोवतीच्या खळ्यासारखा दिसला, त्यावरून त्यांनी नाव ठेवलं, आणि माणसाच्या सर्दीतही त्याच कुळीचे सापडलेत. तुझी आये लांबून ऐकत होती. म्हणाली, "सर्दीक आल्याचो रस पुरे. त्येच्यासाठी इतक्यां शिकाक व्हयां होतां?"  तू मला हळूच म्हणालीस की तू तेरा वर्षांची असताना मी दिलेलं उत्तर चूक होतं, हे सिद्ध करायला तुला इतकी वर्षं लागली. मी उठून तुझ्या पुढ्यात भात वाढला.

आता सातवा.

तू आणलेल्या पत्र्याच्या कड्या खाऱ्या वाऱ्याने चार महिन्यांत गंजून गळाल्या. तेव्हा करवंटीचे बारीक तुकडे करून त्यावर तापल्या तारेने आकडे डागायची युक्ती माझी. तुकड्याला भोक पाडून दोऱ्याने पायात बांधला. घरात दोरा होता तो तांबडा. तुला तो फार आवडला, लांबून दिसतो म्हणून. आपल्याकडे तांबडा दोरा पायात असलेला पक्षी म्हणजे काय, हे तुला मुंबईत राहून आठवलं नाही. मला आठवलं होतं, आणि मी गप्प बसले.

पहिल्याच दिवशी आयेने विचारलं, "ह्यो दोरो कसलो गो?" तिला बळ आणि विषाणू समजावत बसण्यापेक्षा मी एका शब्दात सांगितलं, "राखणदाराचो." झालं. राखणदार म्हणजे वाडीचा देव, त्याच्या नावाने बांधलेल्या पक्ष्याला कोणी हात लावत नाही. कोणी चोरत नाही, कोणी विकत मागत नाही, पाहुणा आला तरी सुरी बाहेर निघत नाही. तुझा भाऊ मे महिन्यात आला आणि एक पांढरी कापूया म्हणाला, तेव्हा आये त्याच्यावर कडाडली, "देवाचां खावन पचात तुका?" मी आत जाऊन हसले. स्वतःच्या हुशारीवर खूश होते मी. तू खुराड्याला लावलेल्या कुलपांपेक्षा माझा एक शब्द भारी, असं वाटलं.

शिमगा झाला आणि वाडीची राखण आली. वर्षातून एकदा राखणदाराला कोंबडा द्यायचा, नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाणं घालणारे भिकाजीकाका सकाळीच दारात आले. आपल्या घरचा कोंबडा घेऊन जायला आले होते. मी म्हटलं, विकत आणून देते. ते अंगणातल्या खळ्यात बसलेल्या सातव्याकडे बघून म्हणाले, "दोरो तूच बांधलंस मां? मगे आता देवाक नाय कशी म्हणतंस?"

मला खरं सांगता आलं असतं. ही नणंदेच्या कामाची खूण आहे, मी खोटं बोलले. पण तसं म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून बाराही पक्षी नुसत्या कोंबड्या झाल्या असत्या, आणि वर राखणदाराच्या नावाने खोटं बोलणारी बाई म्हणून मला याच वाडीत राहायचं होतं. आये दारात उभी होती. मी सातव्याला धरला, दोरा सोडून कमरेला खोचला आणि कोंबडा काकांच्या हातात दिला. गाऱ्हाण्यात त्यांनी आपल्या घराचं नाव घेतलं. म्हणाले, म्हाराजा, हिच्या कोंबड्यांक बरां ठेव, हिच्या नणंदेच्या कामाक यश दी. दुपारी प्रसादाचा वाटा घरी आला. मी खाल्ला. म्हणजे तुझा सातवा खरा कुठे आहे, याचं सरळ उत्तर हे आहे.

चार दिवसांनी तू येणार होतीस. आधीच्या पत्रात तू लिहिलं होतंस की साहेब म्हणतात बारा पक्षी म्हणजे काहीच नाही, यातला एक जरी कमी झाला तरी ते हे काम बंद करतील. त्यांच्याशी भांडून तू काम चालू ठेवलं होतंस. आणि मागच्याच वर्षी राखणीवरून तू आयेशी भांडली होतीस, कोंबडा मारून माणसं बरी होतात का म्हणून. या दोन्हींच्या मधे मला तुझ्यासमोर उभं राहून सांगायचं होतं की कोंबडा राखणदाराला गेला. नाही जमलं.

मी होडीने पलीकडे भोगव्याला गेले. तिथे माझ्या मावसबहिणीकडे मी आजार यायच्या आधी दिलेला एक पांढरा कोंबडा होता. त्याच चाळिसांतला, दिसायला तोच. दोन तरण्या तलंग कोंबड्या देऊन तो आणला आणि सातव्याचा दोरा त्याच्या पायात बांधला. बाहेरचा पक्षी आत येऊ द्यायचा नाही ही एकच जबाबदारी होती, आणि मी स्वतः काखेत धरून आणला. मला वाटलं, बाराचे बारा दिसले म्हणजे काम चालू राहील. रक्त सगळ्यांचं सारखंच तांबडं. त्याला रोग झालाच नव्हता, त्याच्या रक्तात काही नसणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही असं मी इतके दिवस स्वतःला सांगत होते. आलं होतं, इंदू. होडीतून परत येतानाच आलं होतं. मी म्हटलं, एका पक्ष्याने काय होतंय.

तू आलीस, रक्त घेतलंस, गेलीस. दीड महिन्याने तुझं पत्र आलं, तीन पानी. अकरा जणींचं बळ हळूहळू उतरतंय, पण सातव्याचं एकदम शून्य. पुढच्या खेपेला तू कपडेही न बदलता त्याला मांडीवर घेऊन बसलीस. "वयनी, ह्यो विसारलो. बाकीच्यांका अजून याद आसा, ह्यो साफ विसारलो." शरीर विसरतं म्हणून सर्दी परत परत येते, म्हणून लस एकदा टोचून भागायचं नाही, असं तू भराभर बोलत सुटलीस. तुला इतकी आनंदी मी कधी पाहिली नव्हती.

मी वाद घातला. तो वाद तुला आठवत असेल. मी म्हटलं, "एकदम कसो विसारात? अकरा जणी हळूहळू विसारतत, आणि ह्योच एका फटक्यात?" तू म्हणालीस, "म्हणानच तो म्हत्त्वाचो." मी म्हटलं, तुझ्या अंड्यात काही चुकलं असेल. पुन्हा बघ. अजून एक वर्ष थांब, लिहू नको. मी इतकी चिकाटीने भांडले की तू शेवटी म्हणालीस, "तुका ह्यातलां काय कळता गो?" मी विळी उचलून परसात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तू माझ्या शेजारी बसून बांगडे साफ केलेस, सगळी पोटं फोडून ठेवलीस, आणि मी मान खाली घालून चिरत राहिले. तुला वाटलं मी अजून रागावलेली आहे. मी दर बांगड्याला ठरवत होते की हा झाला की सांगायचं. टोपलीतले बांगडे संपले.

मग तू बाटलीतून रोग आणलास. सातवा आणि दोन माद्या वेगळ्या खोपीत ठेवल्या, तिघांच्या चोचीत थेंब घातले. दोन दिवसांत सातवा घरघरू लागला. माद्यांना काही झालं नाही. तू वहीत लिहीत होतीस आणि मी त्याला धरून उभी होते. त्याची छाती माझ्या हातात धडधडत होती. तू वर बघून विचारलंस, "वयनी, तुका बरां वाटत नाय काय?" मी म्हटलं, चहा करते.

तीच शेवटची संधी होती. ती चहात गेली.

तुझ्या वहीत सातव्याचं पान मी आता तीनदा वाचलं. पहिल्या वर्षाच्या नोंदीत तू लिहिलंयस, 'डाव्या पायाचं मधलं नख तुटकं.' शेवटच्या खेपेची नोंद आहे, 'नखं सर्व शाबूत.' त्यापुढे फक्त एक प्रश्नचिन्ह. निबंध साहेबांकडे देऊन झाला होता, तुझं नाव होणार होतं, आणि तू एका नखाशी येऊन थांबली होतीस. तुझ्या जागी मी असते तर नख पुन्हा वाढलं म्हणून पुढे गेले असते. तू 'वहिनीला विचारणे' लिहिलंस. 'वहिनीने काय केलं' असं नाही लिहिलंस. माझ्यावर इतका विश्वास ठेवायची काही गरज नव्हती.

काल आयेला सगळं सांगितलं. कोंबडा दिला त्या दिवशी ती दारात होती, भोगव्याहून दुसरा आणला तेही तिने पाहिलं होतं. त्याने तुझं काय झालं, एवढंच तिला माहीत नव्हतं. तिने स्वेटरची बाही ओढून घेतली. मग म्हणाली, "सांगान टाक. मेल्या माणसाक राग येवचो नाय."

तीच तर अडचण आहे. मला तुझा राग हवा आहे. तू वही आपटावीस, दोन दिवस माझ्या हातचं जेवू नयेस, आणि तिसऱ्या दिवशी येऊन विचारावंस, बरं, मग बाकीच्या अकरांचं काय दिसतं? कारण तू ते विचारलं असतंस, याची मला खात्री आहे. सातवा काढून टाकला तरी अकरा उरतात, आणि त्यांचं बळ उतरतंय, सावकाश का होईना. मोठं नाव होण्यासारखं त्यात काही नाही. पण तू बघायला निघाली होतीस ते तेच होतं. साहेब त्यावर निबंध छापतील की नाही, मला माहीत नाही. नाही छापला तर तुझं नाव माझ्यामुळे गेलं. छापला आणि सातवा आत राहिला तर कोणीतरी कुठेतरी त्या कोंबड्यावर भरवसा ठेवील, आणि खाली नाव तुझं असेल. पहिलं मला सोसेल. दुसरं तुला सोसलं नसतं.

आज सकाळी अकरा जणींचं रक्त काढलं. एकटीने. आयेने पंख धरले, तोंड फिरवून. दहाव्या नंबरला शीर सापडेना, तू सांगितलं होतंस तसं पंखावर कोमट पाणी लावलं, मग सापडली. दुपारपर्यंत निवळ सुटली. मालवणहून माशांसाठी येणारा बर्फ मागवून ठेवला होता. त्या घरघरीतून उठलेल्या भोगव्याच्या कोंबड्याच्या पायातला दोरा कापला, तो आता परसात इतरांसारखा फिरतोय आणि कुंपणावर चढून ओरडतोय. यंदा राखणीला त्याला देणार नाही. काकांना काय सांगायचं ते सांगीन, खरंच सांगीन.

उद्याच्या बोटीने हे कागद, नोंदवही आणि तुझा लाकडी डबा जाईल. डब्यात बारा खळगे आहेत. बाटल्या एक ते सहा, आठ ते बारा. सातव्या खळग्यात कापूस कोंबला आहे, बोट हलली तरी बाकीच्या फुटू नयेत म्हणून.